पहिल्या पाण्याचा मालक

तुम्ही कामावर घालता तो शर्ट घरी कुणाच्या कपड्यांबरोबर भिजतो?

उत्तर लगेच देऊ नका, आधी बादलीत डोकावून या. ज्यांच्या शर्टाला दिवसभरात घाम आणि फार तर चहा लागतो, त्यांना हा प्रश्न बावळट वाटेल. बोईसरजवळच्या आमच्या सरावलीच्या खोलीत तो बावळट नव्हता. वडील तारापूरच्या एका केमिकल कंपनीत होते. त्यांचा खाकी युनिफॉर्म आणि माझा शाळेचा पांढरा शर्ट एकाच बादलीत भिजायचे. जूनमध्ये घेतलेला पांढरा शर्ट दिवाळीपर्यंत लिंबाच्या सरबतासारखा दिसायला लागायचा. शाळेत बाई विचारायच्या, "घरी साबण लावत नाहीत का गं?" आई साबण लावायची. लावून लावून तिच्या बोटांची कातडी सोलवटायची, आणि त्याचा दोषही ती साबणालाच द्यायची.

दोष साबणाचा नाही, हे आम्हाला एका बाईनं सांगितलं. ती आमच्या चाळीत शिरली तेव्हा आम्हाला वाटलं मासेवाली आहे, कारण काखेतल्या पिशवीतून सुक्या बोंबलांचा वास येत होता. पण तिनं बोंबील काढलेच नाहीत. दोरीवरचा वडिलांचा शर्ट ओढला, नाकाला लावला आणि आईला विचारलं, "ह्यो कुणाचा?"

"ह्यांचा," आई म्हणाली.

"शर्ट त्यांचा. आणि वास?"

आई शर्ट परत घ्यायला पुढे झाली.

"वास कंपनीचा हाय. मग धुतेस तू कशाला? कंपनी तुला पगार देते काय?"

आईला तो अपमान वाटला. नवऱ्याचे कपडे धुण्याचा पगार मागणारी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. बाई गेल्यावर ती बराच वेळ पुटपुटत होती. मी नववीत होते. वडिलांच्या युनियनची पत्रकं वाचतच मी वाचायला शिकले होते. आमच्या घरातली फडताळंसुद्धा त्याच पत्रकांनी मढवलेली. त्या पत्रकांत शोषण, संघर्ष, एकजूट असे मोठे शब्द असायचे. पण बादलीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. ती ओळ मला त्या बाईकडून मिळाली.

तिला सगळे काकी म्हणायचे. मीही काकीच म्हणेन. नाव लिहिलेलं तिला चालणार नाही. एकदा कुठल्याशा संस्थेनं तिला सत्काराला बोलावलं, तेव्हा तिनं निरोप धाडला होता, "मी धुते, मला कशाला उजळवता?"

काकी मूळची समुद्रकाठच्या सातपाटीची. तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकायला यायची. पुढे तिनं बोईसरच्या कडेला एक गाळा भाड्यानं घेतला आणि कारखान्यांतल्या कामगारांचे युनिफॉर्म धुवायचं काम सुरू केलं. पैसे कामगारानं द्यायचे नाहीत, कंपनीनं द्यायचे. गाळ्यात काम करणाऱ्या बहुतेक बाया सरावलीच्या, नवऱ्यांचे असलेच कपडे घरी धुतलेल्या. आता हातात रबरी मोजे, अंगावर जाड एप्रन आणि महिन्याचा पगार. काम तेच, पण ते काम आहे हे आता कंपनीला कबूल करावं लागत होतं.

कॉलेज संपवून मी तिच्याकडे गेले ते माहितीपत्रक लिहायला. कंपन्यांना द्यायला तिला छापील कागद हवा होता. मी रक्त आटवून मजकूर लिहिला. सुरुवात होती, "गरजू महिलांना आधार देणाऱ्या या उपक्रमास..."

काकीनं मला वाचून दाखवायला लावलं. पहिल्याच ओळीला थांबवलं.

"गरजू कोण?"

"आपल्या बायका."

"सुरेखा, ए सुरेखा! तू गरजू हायस काय गं?"

सुरेखाताई पिळायच्या मशीनपाशी होत्या. सोलापूरकडच्या, दोन मुलींची आई. तिथूनच ओरडल्या, "सध्या चहाची गरज आहे, काकी!"

"ऐकलंस? गरज कंपनीला हाय. त्यांचे कपडे घाण हायत, आमचे नाय. तसं लिव."

मी दुसऱ्या ओळीत 'लाभार्थी' लिहिलं होतं. त्यावर तिनं मला दंड केला. गाळ्यात काही शब्दांना बंदी होती: सेवा, उपकार, लाभार्थी, बिचारी. ज्याच्या तोंडून निघेल त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. पहिल्या आठवड्यात मी इतका चहा केला की बाया म्हणायला लागल्या, "हिला लिहायला ठेवलंय का आचारी म्हणून?"

शेवटी पत्रकावर काय राहिलं? कपडे कसे धुतो, किती दिवसांत देतो, काय भाव. खाली तिच्या शब्दांत एकच ओळ: 'ना नफा खातो, ना भीक घेतो.'

मला ती ओळ तेव्हा पटली नव्हती. धंदा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मालक यायचा, आणि मालक म्हटलं की युनियनच्या पत्रकातला जाड्या पोटाचा माणूस. मी तिला स्पष्ट विचारलं, "काकी, ही संस्था आहे की कंपनी?"

"कामाला कंपनी, शिलकीला संस्था."

"म्हणजे?"

"म्हणजे भाव करताना आमी कंपनी. दया नाय, सूट नाय. आणि खर्च भागून उरलं तर ते कुणाच्या घरी न्यायचं नाय. माझ्या पण नाय. सरकारकडं तसं लिवून दिलंय."

"मग उरलेलं जातं कुठं?"

"सुट्टीच्या दिवशी ये, दाखवते."

आठवड्याच्या सुट्टीला गाळ्यासमोर रांग लागलेली असायची. ठेकेदाराची माणसं. कंपनीत सगळ्यात घाण काम त्यांचं, आणि कंपनीचा युनिफॉर्म त्यांना नाही. घरचीच पॅंट, घरचाच बनियन. त्यांच्या कपड्यांचे पैसे कोणीच देत नव्हतं. मोठ्या कंपन्यांकडून उरलेल्या पैशांत त्यांचे कपडे धुतले जायचे. एक बिहारचा पोऱ्या पहिल्यांदा आला तेव्हा संकोचून म्हणाला, "काकी, हमारा तो कंपनी का कपड़ा ही नहीं है."

"कपडा तेरा, मैल किसका?" काकीची हिंदी ही अशी. "मैल तो कंपनी काच है ना? डाल इधर."

पण फुकट तिथे काहीच नव्हतं. डाग कुठे लागला, कुठल्या मशीनपाशी, काय सांडलं, हे सांगितल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जात नसे. तीच मजुरी. मग पुढच्या खेपेला काकी त्या कंपनीच्या मॅनेजरपुढे जाऊन बसायची आणि मधेच म्हणायची, "दादा, तुमच्या मागच्या शेडमधला व्हॉल्व गळतोय. तुमाला कुणी बोल्लं नाय?" मॅनेजर दचकायचे. व्हॉल्व दुरुस्त व्हायचा. डाग बंद व्हायचा, म्हणजे तिचंच धुलाईचं काम कमी व्हायचं. मी हे तिला दाखवून दिलं. ती म्हणाली, "त्याच्यासाठीच तर गाळा हाय. डाग वाढावा म्हणून धुणारा तो धंदेवाला. आमी वेगळे."

मला नफ्यातला आणि कामातला फरक कुठल्याही पत्रकानं इतका नीट सांगितला नव्हता.

मॅनेजर वयानं केवढाही असो, तो दादा. पोलीस असला तर बाळ. कंपनीच्या केबिनमध्ये ती बोंबलांची पिशवी घेऊनच जायची आणि एसीच्या बरोबर खाली ठेवायची. मी एकदा म्हटलं, काकी, बाहेर ठेवा ना. ती म्हणाली, "तुला कळत नाय. बोलणी लवकर आटपतात." खरंच आटपायची. भाव करताना ती मासळीबाजाराच्या उलट करायची. मॅनेजरनं भाव कमी करायला सांगितला की ती वाढवून सांगायची. पुन्हा कमी म्हटलं की आणखी वाढवायची. "मघाशी घेतला असता तर स्वस्तात पडला असता, दादा." अर्धी गिऱ्हाइकं चिडून जायची. उरलेली अर्धी पुन्हा कधी घासाघीस करायची नाहीत.

ती हट्टी होती आणि कित्येकदा चुकीचीही होती. एका कंपनीचे लोक आले, सोबत छापील फलक, फोटोवाला, आणि देणगी म्हणून एक नवं मशीन. त्यातल्या मुलानं विचारलं, "मॅडम, तुमचा सोशल इम्पॅक्ट तुम्ही कसा मोजता?"

"मोजायला कशाला पायजे? दोरीवर वाळतोय. जा, हात लावून बघ."

मशीन तिनं परत धाडायला सांगितलं. भीक नको, त्यापेक्षा कपडे द्या. बाया भडकल्या. जुन्या मशीननं त्यांच्या पाठीचे हाल केले होते. पाठ काकीची नव्हती. सुरेखाताईंनी सरळ हात वर करायला लावले. काकी एकटी पडली. निर्णय सगळ्यांनी घ्यायचा हा नियम तिनंच केला होता, म्हणून ती गप्प बसली. पण पुढे कायम त्या मशीनला ती 'पाहुणी' म्हणायची. "पाहुणीला तेल घातलं काय? पाहुणी रुसली काय?" राग आला की भिंतीकडे तोंड करून बसायची आणि सगळ्यांनी तिच्या पाठीशी बोलायचं, ही एक पद्धत. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत तिच्या पाठीशी बोललो.

आता पाण्याचं सांगते. तिला लोक वेडी म्हणायचे ते पाण्यामुळे.

कपडे भिजवून पहिल्यांदा खंगाळले की जे निघतं, ते पहिलं पाणी. खरी घाण त्यात. पुढची पाणी गाळ्यामागच्या वाळू-कोळशाच्या टाकीतून गाळून पुन्हा वापरली जायची. पण पहिलं पाणी टाकीला पेलवत नसे. आजूबाजूचे सगळे सांगत, मागे नाला आहे, द्या सोडून. नाला खाडीला जातो आणि खाडी समुद्राला. तो समुद्र काकीच्या भावाच्या बोटीखालचा. तिनं पहिलं पाणी ड्रममध्ये भरायला लावलं, आणि धुतलेल्या कपड्यांबरोबर टेम्पोत चढवून ते ज्या त्या कंपनीला परत द्यायला सुरुवात केली.

"तुमचं हाय, तुमी सांभाळा."

कंपनीकडे सांडपाण्याची सोय असते, परवानगी असते. मग आपलं पाणी तिनंच घ्यावं. म्हटलं तर किती साधी गोष्ट! पण एवढी साधी गोष्ट गेटवर कोणी ऐकून घेत नाही. गार्ड म्हणायचे, कपडे आत, ड्रम बाहेर. काकी म्हणायची, दोन्ही आत नाहीतर दोन्ही बाहेर. आणि ड्रमवर बसून राहायची. हळूहळू कंपन्या वैतागून घ्यायला लागल्या. कुठला ड्रम कुणाचा हे कळावं म्हणून बाया त्या त्या कंपनीच्या फाटक्या युनिफॉर्मची एक चिंधी ड्रमच्या गळ्याला बांधायच्या. निळ्या चिंधीचा ड्रम निळ्या युनिफॉर्मवाल्यांकडे, खाकीचा खाकीवाल्यांकडे. टेम्पोवाल्याला मराठी वाचता येत नसे, चिंधी वाचता यायची.

खाकीवाली कंपनी आमची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. गाळ्यातले निम्मे पगार तिच्या कामातून निघत. माझे वडील तिथूनच निवृत्त झाले होते, आणि सुरेखाताईंचे यजमान अजून तिथेच होते. तिथे नवे मॅनेजर आले. त्यांनी काकीला बोलावून सांगितलं, "कपडे आमचे, मान्य. पण पाणी तुमचं. तुमच्या साबणाचं पाणी आहे ते. आमच्या प्लांटमधून असलं काही निघतच नाही. पुढच्या महिन्यापासून ड्रम आणायचे नाहीत. नाल्यात सोडा, सगळे सोडतात. नाहीतर काम बंद."

काकीनं भाव वाढवून सांगितला नाही. तेव्हाच मला कळलं की ती घाबरली आहे.

गाळ्यात बैठक बसली. नियम असा की ज्याचं सगळ्यात जास्त जाणार, त्यानं पहिलं बोलायचं. सुरेखाताई बोलल्या.

"काकी, तुमचं सातपाटीत घर आहे. भावाची बोट आहे. माझी भाड्याची खोली आहे. काम गेलं तर माझा पगार जाईल, आणि साहेबांनी डूख धरला तर ह्यांचाही जाईल. नाल्याचं पाणी कुठं जातं ते मला दिसत नाही. पोरींच्या शाळेची फी दिसते."

"दिसत नाय? सातपाटीला चल, दाखवते! जाळ्यात काय येतं ते दाखवते!"

"तुम्ही मला दाखवू नका. तुम्ही माझं बघा!"

काकी भिंतीकडे तोंड करून बसली. सुरेखाताई रडल्या नाहीत. त्यांनी उठून ड्रमांना चिंध्या बांधायला घेतल्या, रागारागात, गाठी आवळून. बाकीच्यांनी ठरवलं, उद्या एकदा ड्रम घेऊन जाऊ. साहेबांशी शेवटचं बोलू. नाही ऐकलं तर मग हात वर करू.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या वेळी टेम्पो गेटवर गेला. पुढे टेम्पोवाला आणि काकी, मागे ड्रमांबरोबर मी आणि सुरेखाताई. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. गार्डनं नेहमीप्रमाणे अडवलं. काकी ड्रम उतरवून त्यांतल्या एकावर बसली, बोंबलांची पिशवी मांडीवर. पाळी बदलत होती, आत जाणारे आणि बाहेर येणारे दोन्ही घोळके थांबले. त्यात सुरेखाताईंचे यजमान होते. बायकोला पाहून त्यांनी मान खाली घातली.

साहेब बाहेर आले. गर्दी पाहून त्यांना वाटलं असावं, आज हा प्रश्न सगळ्यांसमोरच मिटवून टाकू. "अहो काकी, किती वेळा सांगायचं? साबणाचं पाणी आहे हे! बघा, सगळ्यांनी बघा." त्यांनी गार्डला शेजारच्या ड्रमचं झाकण उघडायला लावलं.

झाकण उघडलं. आत शाईसारखं गडद निळं पाणी.

साहेब दोन पावलं मागे झाले. "हे काय? हे आमचं नाही! हे आमचं नाहीच! आमचं पिवळं असतं!"

आधी मलाच काही कळेना. काकीनं ड्रममध्ये वाकून बघितलं, मग सुरेखाताईंकडे बघितलं. सुरेखाताईंनी तोंडावर हात ठेवला होता. निळ्या युनिफॉर्मवाल्या रंगाच्या कंपनीनं त्याच महिन्यात युनिफॉर्म बदलला होता. निळ्याचा खाकी. रागाच्या भरात सुरेखाताईंनी त्यांच्या ड्रमांना त्यांच्याच नव्या खाकीची चिंधी बांधली, आणि आम्ही खाकी बघून तेच ड्रम टेम्पोत चढवले. दुसऱ्याचे ड्रम आम्ही ह्यांच्या दारात आणले होते.

काकी ड्रमवरून उतरली. सावकाश. पिशवी खाली ठेवली.

"दादा, परत एकदा बोला. मोठ्यानं. मागच्यांना ऐकू नाय आलं."

घोळक्यातून पहिलं हसू फुटलं. कोणीतरी मागून ओरडलं, "साहब बोले, पीला अपना है!" हशा वाढला. साहेब लाल झाले, "म्हणजे तसं नाही, मी म्हणत होतो..." आणि त्याच वेळी सुरेखाताईंचे यजमान पुढे आले. हा माणूस घरी आलेल्या पाहुण्याशीही धड बोलत नसे. ते म्हणाले, "साहेब, पिवळं आपलं म्हणालात ना? मग पिवळे ड्रम आणले की मी स्वतः आत घेतो. हा निळा त्यांना नेऊ द्या."

मी वडिलांच्या कंपनीच्या गेटवर उभी होते आणि मला माझा शाळेचा शर्ट आठवत होता. इतक्या वर्षांनी त्या पिवळ्याला मालक सापडला होता, तोही स्वतःच्या तोंडानं कबूल झालेला.

दुपारी खरे ड्रम आले, पिवळे. आत गेले.

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल. मला गोड गोष्टी लिहायच्या नाहीत. सुरेखाताईंच्या यजमानांची आठवडाभरात जड कामाच्या खात्यात बदली झाली. मग कराराची मुदत संपत आली, आणि साहेबांनी माणूस पाठवला. निरोप तोच, फक्त गोड भाषेत: भाव हवा तेवढा घ्या, करार मोठ्या मुदतीचा करू, तुमच्या महिलांना दिवाळीची भेटही देऊ. ड्रमचं तेवढं राहू द्या.

पुन्हा बैठक बसली. पुन्हा तोच नियम. काकी तोंड उघडणार एवढ्यात तिनंच स्वतःला आवरलं आणि सुरेखाताईंकडे बोट केलं. मला वाटलं, आता संपलं. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला आजही सांगता येणार नाही.

सुरेखाताई म्हणाल्या, "त्या दिवशी गेटवर आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी पहिल्यांदा बघितलं. आता मी त्यांचं तोंड बंद करू? नाल्याला माझा हात वर होणार नाही."

एकही हात वर झाला नाही.

काम गेलं. उरलेलं काम सगळ्यांनी वाटून घेतलं, म्हणजे सगळ्यांचेच पगार खाली आले. ते महिने वाईट होते. सुरेखाताईंनी धाकटीचं नाव इंग्रजी शाळेतून काढलं, आणि त्याबद्दल काकीला एक शब्द ऐकवला नाही. काकीला तेच सोसलं नसावं. ती सकाळी बोंबील घेऊन निघायची आणि छोट्या छोट्या शेडवाल्यांच्या दारात जाऊन बसायची. जिथे पाच-सहाच माणसं, तिथेही. "तुमी लहान हाय, तुमची घाण पण लहान. भाव पण लहान लावते," असं म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. गाळा बंद पडला नाही. आजही चालू आहे, पूर्वीपेक्षा लहान आहे. दोरीवर आता तऱ्हेतऱ्हेचे रंग वाळतात, आणि ड्रमवर चिंधी बांधताना सुरेखाताई प्रत्येकीला दोनदा विचारतात.

गाळ्याच्या प्रमुख आता सुरेखाताईच आहेत. एकानं फार वर्षं खुर्ची धरायची नाही हाही काकीचाच नियम, आणि तिनं तो पहिल्यांदा स्वतःला लावला. ती सातपाटीला परत गेली. ती गेल्यावर मी एकदा भेटायला गेले, तर अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. म्हटलं, काकी, एकदा येऊन बघून जा. ती म्हणाली, "मी आले की मला वास येणार. वास आला की मी बोलणार. कारभार तिचा हाय, तिला करू दे." मग हळूच विचारलं, "पाहुणी बरी हाय ना?"

सामाजिक काम आणि धंदा एकत्र जातात का, यावर लोक सभागृहांत चर्चा करतात. मला त्या चर्चांना बोलावतात, आणि तिथे कोणी ना कोणी सौम्य आवाजात विचारतं, की तत्त्वासाठी एवढं मोठं गिऱ्हाईक घालवणं व्यवहाराला धरून होतं का. मी उत्तर देते: व्यवहारच तो. आम्ही धुलाई विकत होतो, आमचं गप्प बसणं विक्रीला नव्हतं. ज्या धंद्याचा नफा कुणाच्या खिशात जायचा नाही, त्याला विकत घेणं कठीण असतं, कारण पैसे नेमके कुणाला द्यायचे हेच समोरच्याला कळत नाही.

त्या खाकी कंपनीचे कपडे आता दुसरीकडे धुतले जातात. स्वस्तात. तिथून ड्रम परत येत नाहीत. पहिलं पाणी कुठे जातं, मला माहीत आहे, तुम्हालाही कळलं असेल.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. देणगी नको. आमच्याबद्दल चार चांगले शब्दही नकोत, त्यासाठी गाळ्यात चहाचा दंड आहे. तुम्ही कारखान्यात असा, दवाखान्यात असा, हॉटेलात असा, जिथे अंगावर दुसऱ्यानं दिलेला कपडा चढवून काम करता तिथे, उद्या गेटवर उभे राहा आणि एवढंच विचारा: आमचे कपडे कोण धुतं, आणि त्याचं पहिलं पाणी कुठे जातं?

मोठ्यानं विचारा. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे.